उपकेंद्राच्या आवारातला कपॅसिटर आमच्या शेवटच्या डीपीपर्यंत पोचत नाही

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता साहेब,
वीज वितरण कंपनी, मंडळ कार्यालय.

विषय : ११ केव्ही शेती वाहिनीवर कपॅसिटर संच योग्य क्षमतेचा आणि योग्य जागी बसवण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या फीडरवरच्या (११ केव्ही वाहिनीवरच्या) शेतकऱ्यांनी सह्या करून दिलेल्या अर्जाला आपल्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. त्यात म्हटलंय की उपकेंद्रात १२०० केव्हीएआरचा (केव्हीएआर हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) नवा कपॅसिटर संच कार्यान्वित झाला आहे, पॉवर फॅक्टर (एकूण करंटात कामाच्या करंटाचा वाटा) समाधानकारक आहे, सबब वाहिनीवर स्वतंत्र संच बसवण्याची आवश्यकता नाही. सोबत एक छापील पत्रक जोडलंय. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या पंपाला कपॅसिटर बसवावा, अन्यथा मोटार जळाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, असं त्यात आहे.

हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे फीडरवरच्या सगळ्यांना कळावं, आणि आपल्याच खात्यात ज्यांना हे पटतंय पण बोलता येत नाही अशा अभियंत्यांनाही आधार मिळावा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

मी आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. तालुक्याच्या गावी मोटारी भरायचं दुकान आहे आणि त्याच फीडरच्या शेवटच्या डीपीवर (पंपांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) माझी चार एकर जमीन. दुकानात आलेली प्रत्येक मोटार मी वहीत लिहितो : कोणाची, किती एचपी, कोणत्या डीपीवरची आणि कशाने जळली. मोनोब्लॉकचा स्टेटर उघडला की कारण समोर दिसतं. एक फेज गेल्यावर चालत राहिलेली स्टार जोडणीची मोटार असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या फेजची तार नव्यासारखी चमकत असते. कमी दाबावर तासन्‌तास रेटलेली मोटार असेल तर तिन्ही फेज सारख्याच करपलेल्या, वार्निशचे पापुद्रे सुटलेले, आणि कॉइल हातात घेतली तर तारेवरचं आवरण ठिसूळ होऊन झडतं. माझ्या वहीत तिन्ही फेज करपलेल्या मोटारी बहुतेक सगळ्या ओढ्यापलीकडच्या, म्हणजे फीडरच्या शेवटच्या टप्प्यातल्या डीपींवरच्या आहेत. उपकेंद्राजवळच्या मोटारी येतात त्या बेअरिंगसाठी.

गेल्या पौषातली गोष्ट. शेजारच्या मावशींची मोटार मी एका हंगामात दुसऱ्यांदा भरली. बसवायला रात्री मीच गेलो, कारण त्या आठवड्यात रात्रपाळीची लाइट होती. कांद्याला पाणी चाललं होतं. पेटीला मीटर लावलं तर ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट. टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावला तर पाच एचपीच्या मोटारीला प्लेटवर लिहिलंय त्याहून कितीतरी जास्त करंट. मोटार घुमत होती आणि पाइपातून पाणी मनगटाएवढंही येत नव्हतं. मावशी बॅटरी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही भरली म्हणजे आता जळणार नाही ना?" मी गप्प राहिलो, कारण त्या मोटारीत माझ्या हाताने करता येण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता मूळ मुद्दा, वाचकांसाठी थोडा उलगडून. मोटार दोन प्रकारचा करंट मागते. एक पाणी उपसायचं काम करतो. दुसरा फक्त मोटारीतलं चुंबक उभं करतो, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह करंट. तो काही उपसत नाही, मोटार आणि उपकेंद्र यांच्यात सेकंदाला पन्नास वेळा हेलपाटे घालतो. पण तार त्याने तितकीच तापते आणि दाब त्यानेही पडतो. कपॅसिटर हा दुसरा करंट जागेवरच पुरवतो. जिथे बसवाल तिथून उपकेंद्रापर्यंतची तार मोकळी होते. जिथे बसवाल तिथून पुढची तार होती तशीच राहते. सगळा वाद या एका गोष्टीवर आहे.

साहेब, आपण संच बसवलाय तो उपकेंद्राच्या आवारात, ११ केव्ही बसवर, म्हणजे सगळे फीडर जिथून निघतात त्या सामायिक पट्टीवर. त्यामुळे मोकळं झालं ते पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागची ३३ केव्हीची लाइन. आमचा फीडर बसच्या या बाजूला आहे. माहिती अधिकारात मी लॉगशीटच्या प्रती काढल्या. संच सुरू होण्याआधीच्या आठवड्यात इनकमरचा, म्हणजे उपकेंद्रात वरून येणाऱ्या पुरवठ्याचा, पॉवर फॅक्टर ०.७८ लिहिलाय, नंतर ०.९३. आणि आमच्या फीडरच्या रकान्यात आधीही ११० अँपिअर, नंतरही ११० अँपिअर. ऑपरेटरने प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं, त्याचे आभार. त्या दोन रकान्यांतच आपल्या पत्राचं उत्तर आहे. बसचा दाब थोडासा, दीड-पावणेदोन टक्के वाढला असेल आणि तो आमच्यापर्यंत आला असेल, हे मी नाकारत नाही. पण १८ किलोमीटर तारेतून वाहणारा रिअ‍ॅक्टिव्ह करंट एका अँपिअरनेही कमी झालेला नाही.

आपण म्हणाल, मोटारी भरणाऱ्याने आम्हाला शिकवू नये. मी शिकवत नाही, आपल्याच शास्त्रातलं सांगतोय. १९५६ साली नीगल आणि सॅमसन यांनी अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात फीडरवरच्या कपॅसिटरचं गणित मांडलं. तारेची जाडी सारखी आणि लोड लांबीभर सारखा पसरलेला असेल, तर फीडरच्या एकूण रिअ‍ॅक्टिव्ह गरजेच्या दोन तृतीयांश क्षमतेचा संच, उपकेंद्रापासून दोन तृतीयांश अंतरावर. एवढ्या एका संचाने रिअ‍ॅक्टिव्ह करंटमुळे होणारा तारेतला तोटा नऊ भागांतले आठ भाग कमी होतो. दोन संच बसवायचे तर प्रत्येकी दोन पंचमांश क्षमतेचे, दोन पंचमांश आणि चार पंचमांश अंतरांवर. मग तोटा ९६ टक्के कमी होतो. दोनवरून तीन संचांवर गेलं तर फायदा अगदी थोडा वाढतो. म्हणून जगभर एका फीडरवर एक-दोन संचांवर भागवतात.

हे आमच्या फीडरला लावून बघा. ११० अँपिअर म्हणजे सुमारे २१०० केव्हीए (दोन्ही करंट मिळून एकूण मागणी). पंपांवर मी मोजलेला पॉवर फॅक्टर ०.७२ ते ०.७८, म्हणून ०.७५ धरला. त्यावरून कामाचे साधारण १५७० किलोवॅट आणि रिअ‍ॅक्टिव्ह सुमारे १३९० केव्हीएआर. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ९०० च्या आसपास. जागा १२ किलोमीटरवर, म्हणजे ओढ्याच्या अलीकडच्या वस्तीपाशी. रॅबिट कंडक्टरचा (आमच्या फीडरवरच्या तारेचा प्रकार) गरम तारेचा रोध किलोमीटरला ०.६ ओहम धरला तर रब्बीच्या भर लोडला या तारांत १३० किलोवॅट नुसते तापण्यात जातात. त्यातले सुमारे ५० किलोवॅट हा एक संच वाचवतो. आठ तासांच्या पाळीत ४०० युनिट. आपल्या हिशोबात ही वीज वितरण हानी म्हणून दाखवली जाते आणि बाहेर बोलताना तिचं खापर शेतकऱ्यांच्या आकड्यांवर फुटतं. आकडे टाकणं चूक आहे, मी त्याची पाठराखण करत नाही. पण या ४०० युनिटांना कोणी आकडा टाकलेला नाही.

दाबाचं मी वाढवून सांगणार नाही. तारेचा रिअ‍ॅक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) किलोमीटरला ०.३७ ओहम धरला तर ९०० केव्हीएआरच्या संचाने १२ किलोमीटरवर आणि त्याच्या पुढे दाब सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे पेटीवर १२-१३ व्होल्ट. ३३० चे ४०० होणार नाहीत. त्यासाठी जास्त भरलेल्या डीपी कमी कराव्या लागतील, लघुदाबाच्या लांबच लांब तारा तोडून मध्ये नव्या डीपी द्याव्या लागतील, शेवटच्या टप्प्यात जाड कंडक्टर ओढावा लागेल. हे सगळं महागडं आणि वर्षानुवर्षांचं काम आहे. कपॅसिटर त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि एका महिन्यात होणारं काम आहे. ते आधी करा एवढंच म्हणणं आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली हीच, जागा निवडताना फीडर कोणी बघितलाच नाही. उपकेंद्रात देखभाल सोपी पडते, कुंपण आहे, ऑपरेटर आहे, हे कारण मला तोंडी सांगण्यात आलं. कारण खोटं नाही. पण देखभाल सोपी म्हणून दवाखाना डॉक्टरच्या वाड्यात काढत नाहीत, रोगी असतात तिथे काढतात. आणि आवारातल्या जुन्या ६०० च्या संचाची देखभाल कशी झाली तेही कुंपणाबाहेरून मी बघितलंय. तीन कॅन (कपॅसिटरचे डबे) फुगलेले, एकाच्या बुशिंगपासून तेल ओघळून खाली धुळीची खपली धरलेली, आणि वरचा जंपर काढून तारेने बाजूला बांधून ठेवलेला. त्या तारेवर गंज चढला होता. म्हणजे तो संच कागदावर चालू आणि खांबावर बंद, हे कमीत कमी दोन पावसाळे तरी चाललं असणार.

दुसरी तक्रार त्या पत्रकाबद्दल. पंपाला कपॅसिटर बसवा हे सांगणं शंभर टक्के बरोबर आहे. मोटारीच्या पेटीत बसवलेला कपॅसिटर त्या पेटीपासून उपकेंद्रापर्यंत सगळी तार मोकळी करतो, त्याहून चांगली जागा नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांना तेच सांगतो : तीन एचपीला १ केव्हीएआर, पाचला २, साडेसातला ३, दहाला ४, आणि त्याहून मोठा लावू नका, कारण लाइट गेल्यावर फिरती मोटार त्या कपॅसिटरवर स्वतःच दाब तयार करते आणि वायंडिंगला धोका होतो. पण कपॅसिटर दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) हिशोबाने काम करतो, हे पत्रकात कुठे आहे? ४१५ व्होल्टवर २ केव्हीएआर देणारा कपॅसिटर ३३० व्होल्टवर सव्वाच देतो. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात कमी मिळतं. शेतकऱ्याने त्याचा वाटा उचलावा, मान्य. पण शेतकऱ्याचा कपॅसिटर नीट काम करावा एवढा दाब पोचवणं हा कंपनीचा वाटा आहे. आपला वाटा उचलायच्या आधीच जबाबदारी झटकणारं पत्रक वाटणं अन्यायाचं आहे.

यातच ऑटोचं सांगायला हवं, कारण आमचीही चूक आहे. लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात त्या ऑटो स्विचमुळे. फ्यूज उडतात, डीपी जळतात. शेतकरी बंधूंनो, आपण ते काढले पाहिजेत किंवा त्याला वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावला पाहिजे. मी माझा काढला. पण रात्री दोनला थंडीत शेतात जाऊन बटण दाबायचं असतं तेव्हा ऑटो का लावतात, हे साहेबांनी एकदा येऊन बघावं.

तिसरी तक्रार बोलण्यातली आहे, पण ती मला सर्वांत जास्त लागली. आपल्या एका बैठकीत आम्हाला ऐकवण्यात आलं की वीज मोफत मिळतेय, मग तक्रार कसली. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली, खरं आहे. पण ते पैसे सरकार कंपनीला देतं. म्हणजे विजेचे पैसे आपल्याला मिळतात, फक्त देणारा हात वेगळा आहे. मोटार भरायचे पैसे मात्र सरकार देत नाही, ते मावशींनी कांदा विकायच्या आधी उसने आणले. आणि कारखान्यांचं बघा. उच्चदाब ग्राहकांना आपण केव्हीएएचवर (कामाची आणि रिअ‍ॅक्टिव्ह मिळून एकूण मागणीवर) बिल देता, त्यांनी रिअ‍ॅक्टिव्ह ओढला तर त्यांच्या बिलात लागतो. त्यांना जो नियम शिकवला जातो तोच आपल्या स्वतःच्या तारेला लावायला कोणती अडचण आहे?

चौथं, पुढे येणारं. उपकेंद्रांजवळ शेती वाहिन्यांसाठी सौर प्रकल्प उभे राहताहेत. दिवसा वीज मिळणार, आम्ही स्वागतच करतो. पण सौर प्रकल्प देतो तो बहुतेक सगळा कामाचा करंट. रिअ‍ॅक्टिव्ह मात्र वरूनच येत राहणार. इनकमरच्या मीटरवर किलोवॅट घटतील, केव्हीएआर तेवढाच राहील, पॉवर फॅक्टर घसरलेला दिसेल, आणि मग आपलं कार्यालय उपकेंद्रात आणखी एक संच बसवून मीटर पुन्हा सुधारेल. आमचे ११० अँपिअर तरी तसेच राहतील. म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

आता मागण्या, स्पष्ट शब्दांत.

एक. येत्या रब्बीत, भर लोडाच्या सात दिवसांत, फीडरवर तीन ठिकाणी नोंद ठेवणारे मीटर लावून दाब, करंट आणि केव्हीएआर मोजा : उपकेंद्राच्या तोंडाशी, १२ किलोमीटरवर आणि शेवटच्या डीपीवर. आमच्यातले दोघे जण सोबत राहतील. मी दोन तृतीयांशाचा नियम सांगितला, पण आमचा लोड सारखा पसरलेला नाही. ओढ्यापलीकडे विहिरी दाट आहेत. तेव्हा डोळे झाकून १२ व्या किलोमीटरवर खांब रोवा असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक तुकड्याची मोजणी करा आणि जिथून पुढची रिअ‍ॅक्टिव्ह गरज संचाच्या क्षमतेच्या निम्मी उरते तिथे संच ठेवा. आपल्या अभियंत्यांना हा नियम माहीत आहे. तो दोन किलोमीटर पुढे निघाला तर तिथे बसवा.

दोन. सगळी क्षमता कायमची जोडून ठेवू नका. आषाढ-श्रावणात पाऊस लागला की फीडरवर मूठभर मोटारी चालतात. तेव्हा ९०० केव्हीएआर जोडलेला राहिला तर दाब उलटा चढेल, आणि माझ्या दुकानात जास्त दाबाने गेलेले स्टार्टर येतील. पावसाळ्यातल्या किमान गरजेएवढा भाग कायम, माझ्या अंदाजाने ३००, आणि बाकीचा व्हॅक्यूम स्विच व नियंत्रकासह आपोआप जोडला-सुटणारा. लाइट जाऊन लगेच आली तर कॅन डिस्चार्ज व्हायला वेळ मिळेल अशी वेळेची अडवणूक त्यात असावी. हार्मोनिकची (मूळ पन्नासच्या पटीतल्या लहरींची) तपासणीही आधी करा. शेवटच्या टोकाला शॉर्टसर्किट क्षमता कमी असते, आणि संच नको तेवढा मोठा झाला तर अनुनाद (रेझोनन्स) पाचव्या हार्मोनिकजवळ येऊ शकतो.

तीन. संचाच्या खांबावर पाटी लावा : क्षमता, बसवल्याची तारीख, शेवटच्या तपासणीची तारीख आणि प्रत्येक फेजचा मोजलेला करंट. एका फेजचा फ्यूज उडून संच महिनोन्‌महिने अर्धवट राहिला तर दाब असमतोल होतो, आणि ते उपकेंद्रातल्या संचाहून वाईट. दर तिमाहीला टाँग टेस्टरने मोजायला अर्धा तास लागतो. पाटी वाचायला आम्ही आहोत. तारीख उलटली तर आम्ही फोन करू.

चार. ते पत्रक मागे घ्या आणि नव्याने काढा. त्यात कोणत्या एचपीला किती केव्हीएआर हे लिहा, आणि शेवटच्या डीपीवर कंपनी किती दाब देणार हेही लिहा. लघुदाबाच्या पुरवठ्यात ठरलेल्या दाबापासून सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको हे बंधन जुनं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये कृतिमानकं आणि ती न पाळल्यास भरपाई, दोन्ही आहेत. आम्हाला भरपाईचे अर्ज भरत बसायचं नाही. पण उत्तर पुन्हा दोन ओळींचंच आलं तर माझी वही आणि लॉगशीटच्या प्रती घेऊन आम्ही ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाऊ, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की कळवलं नाही.

आपल्या वायरमन मंडळींबद्दल आमची काही तक्रार नाही. वादळात, चिखलात खांबावर चढणारे तेच आहेत. एकाने स्वतःच्या मोटारसायकलवरून हिंडून फीडरची लांबी आणि डीपींची यादी मला पडताळून दिली. त्याचं नाव मी लिहीत नाही. आणि आपल्याबद्दलही माझ्या मनात राग नाही. मंडळातल्या शेकडो फीडरांपैकी हा एक. इनकमरचा पॉवर फॅक्टर हाच आकडा वर विचारला जात असेल, तर तोच आधी सुधारला जाणार, हे मला समजतं. आता आम्ही शेवटच्या डीपीवरचा दाब विचारतोय.

गहू-हरभऱ्याचं पहिलं पाणी कार्तिकात सुरू होतं. त्याआधी मोजणीचा दिवस कळवावा. ओढ्याच्या अलीकडच्या वस्तीपाशी रस्त्याला लागून दोन खांबांचा डबल पोल आहे, तिथे संचाला जागा होते आणि गाडीही पोचते. जमीन ज्यांची आहे त्यांची लेखी संमती मी घेऊन ठेवली आहे.

कळावे,

आपला,
शेवटच्या डीपीवरचा एक शेतकरी आणि मोटारी भरणारा